दोन पानं हातात, पाच टेबलावर

तीन पत्ती ज्याला येते त्याला टेक्सास होल्डेम चटकन येईल असं वाटतं. पत्ते तेच, जोडी-कलर-सिक्वेन्सची भाषा तीच, डाव लावायचा तोच. प्रत्यक्षात असा माणूस पहिल्या तासात सगळ्यांत जास्त हरतो. ज्याने आयुष्यात फक्त 'बदाम सात' खेळलंय तो निदान काही गृहीत धरून बसत नाही. तीन पत्तीवाला मात्र ट्रेल आली की टेबल जिंकल्याच्या आविर्भावात असतो आणि समोरच्याच्या साध्या सिक्वेन्सने ती ट्रेल कशी काय मारली, हे त्याला कळत नाही. म्हणून या लेखात नियम सांगताना मी वाचकाला दिवाळीत तीन पत्तीला बसणारा भिडूच धरलं आहे. त्याला जे नव्याने शिकायचंय त्याहून जे विसरायचंय ते थोडं अधिक आहे.

आधी हा खेळ आला कुठून ते पाहू, कारण त्याची रचना अशी का, हे त्यातून कळतं. पोकर हा अमेरिकेतला, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीचा खेळ. न्यू ऑर्लिन्समध्ये रुजला आणि मिसिसिपी नदीतल्या वाफेच्या बोटींवरून वर पसरला. सुरुवातीला तो अवघ्या वीस पानांत खेळत, पुढे बावन्न पानांचा पूर्ण कॅट आला. मग ड्रॉ पोकर आलं. त्यात पाचही पानं लपलेली असतात आणि नको ती बदलून घेता येतात. त्यानंतर स्टड आलं. त्यात काही पानं उघडी, काही झाकलेली. दोन्हींत अडचण एकच होती. प्रत्येकाला पाच-सात पानं द्यायची म्हटलं की सात-आठ भिडूंत कॅट संपत येतो. होल्डेमने यावर साधी तोड काढली. प्रत्येकाला फक्त दोन पानं द्यायची आणि उरलेली पाच सगळ्यांच्या मालकीची म्हणून मधे उघडायची. दहा भिडू बसले तरी पंचवीस पानांत काम भागतं. एकाच वेळी सगळ्यांसमोर पाच पानं उघडी असल्याने अंदाज बांधायला जागा मिळते, आणि तरी प्रत्येकाची दोन पानं गुप्त राहतात.

हे टेक्सासमध्ये घडलं, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. नेमकं कोणी सुरू केलं याची नोंद नाही. कॉर्पस क्रिस्टीजवळच्या रॉब्सटाउन या छोट्या गावाला टेक्सासच्या विधिमंडळाने २००७ मध्ये ठराव करून होल्डेमचं जन्मस्थान म्हणून मान्यता दिली आहे. इतिहास ठरावाने सिद्ध होत नाही हे खरं, पण रॉब्सटाउनचा दावा खोडून काढणारं दुसरं गावही पुढे आलेलं नाही.

पुढची पन्नासेक वर्षं हा खेळ टेक्सासबाहेर फारसा गेला नाही. तिथे जुगार बेकायदा होता, त्यामुळे दुकानांच्या मागच्या खोल्यांत डाव रंगायचे. डॉयल ब्रन्सन, अमॅरिलो स्लिम आणि सेलर रॉबर्ट्स हे तिघं गाडीतून गावोगाव हिंडत डाव शोधायचे. या मंडळींना पोलिसांची भीती होतीच, पण दरोडेखोरांची अधिक. ब्रन्सन मूळचे बास्केटबॉलपटू. पाय मोडला, मैदान सुटलं आणि पत्ते धरले. २०२३ मध्ये ते गेले तेव्हा ८९ वर्षांचे होते.

लास वेगासला होल्डेम पोचला तो १९६३ मध्ये. कॉर्की मॅककॉर्कोडेल नावाच्या टेक्सासच्या भिडूने कॅलिफोर्निया क्लबमध्ये तो पहिल्यांदा मांडला असं मानतात. मग तो गोल्डन नगेटमध्ये आला आणि काही वर्षं तिथेच अडकून पडला, कारण मोठी पैसेवाली गिऱ्हाइकं तिथल्या साध्यासुध्या पोकरच्या खोलीकडे फिरकत नसत. १९७० मध्ये बेनी बिनियन यांनी आपल्या हॉर्सशू कसिनोत नामांकित पत्तेबाजांना एकत्र बोलावलं. ही 'वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर'ची सुरुवात. पहिल्या वर्षी विजेता चक्क मतदानाने ठरला आणि जॉनी मॉस निवडून आले. एक आख्यायिका अशी की पहिल्या फेरीत प्रत्येकाने स्वतःलाच मत दिलं, म्हणून मग 'तुमच्या खालोखाल चांगला कोण' असं विचारावं लागलं. खरी असो वा रचलेली, पत्तेबाजांचा स्वभाव तिच्यात अचूक उतरलाय. पुढच्या वर्षापासून मतदान बंद झालं. सगळ्यांनी सारख्या चिपांनी सुरुवात करायची, संपल्या की उठायचं, शेवटी उरेल तो विजेता. ही पद्धत आजवर चालू आहे, आणि घरी खेळायला तीच उत्तम. कशी, ते शेवटी येईल.

तरीही टीव्हीवर पोकर पाहणं म्हणजे कोणीतरी विचार करतंय हे तासभर पाहणं होतं. ते बदललं हेन्री ओरेनस्टीन यांच्या कॅमेऱ्याने. नाझी छळछावण्यांतून वाचून अमेरिकेत आलेला आणि खेळणी बनवून नाव कमावलेला हा माणूस. त्यांनी टेबलाच्या कडेला काचेमागे कॅमेरा बसवून भिडूची झाकलेली दोन पानं प्रेक्षकाला दाखवायची युक्ती काढली आणि १९९५ मध्ये तिचं पेटंट मिळवलं. कोण थाप मारतोय हे प्रेक्षकाला ठाऊक, टेबलावरच्यांना नाही. नाटकाला याहून काय हवं? मग २००३ मध्ये टेनेसीचा ख्रिस मनीमेकर हा हिशेबनीस ऑनलाइन पात्रता फेरीतून, शंभर डॉलरांहून कमी प्रवेश फी भरून, वर्ल्ड सिरीजच्या मुख्य स्पर्धेत पोचला. ८३९ खेळाडूंत पहिला आला आणि २५ लाख डॉलर घेऊन गेला. आडनाव खरंच मनीमेकर. दुसऱ्या वर्षी त्याच स्पर्धेला २,५७६ जण आले आणि २००६ मध्ये ८,७७३. आज 'पोकर' म्हटलं की बहुतेकांना होल्डेमच अभिप्रेत असतो, तो या तीन-चार वर्षांमुळे.

आता खेळाकडे वळू.

टेबलावर एक बटण फिरतं. ज्याच्यापुढे बटण, तो त्या डावाचा वाटप करणारा. प्रत्यक्षात पत्ते दुसऱ्या कोणी वाटले तरी चालतं. प्रत्येक डावानंतर बटण डावीकडे सरकतं. बटणाच्या डावीकडचा पहिला भिडू 'स्मॉल ब्लाइंड' भरतो, दुसरा 'बिग ब्लाइंड', म्हणजे त्याच्या दुप्पट. पत्ते पाहण्याआधीच ही सक्तीची भरणी होते. तीन पत्तीत बूट सगळ्यांनी लावायचा असतो, इथे दोघांनीच, पण पाळीपाळीने सगळ्यांवर येते. तीन पत्तीसारखं पत्ते न बघता अर्ध्या किमतीत खेळणं इथे नाही. आपली दोन पानं सगळेच बघतात.

पत्ते वाटून झाले की बिग ब्लाइंडच्या डावीकडचा भिडू पहिला बोलतो. त्याच्यापुढे तीन वाटा असतात. पत्ते टाकायचे, म्हणजे फोल्ड. बिग ब्लाइंडइतकी भर घालायची, म्हणजे कॉल. किंवा रक्कम वाढवायची, म्हणजे रेझ. रेझ झाली की उरलेल्या सगळ्यांनी तेवढं भरायचं, नाहीतर टाकायचं. सगळ्यांची बरोबरी झाली की फेरी संपली. मग वरचं एक पान उपडंच बाजूला टाकून तीन पानं मधे उघडतात. हा फ्लॉप. पुन्हा बोलीची फेरी, पण या वेळी सुरुवात बटणाच्या डावीकडच्या, अजून डावात असलेल्या पहिल्या भिडूपासून. समोर कोणी काही लावलं नसेल तर 'चेक' म्हणून पाळी पुढे ढकलता येते. मग चौथं पान, टर्न, आणि एक फेरी. मग पाचवं, रिव्हर, आणि शेवटची फेरी. दोघं किंवा जास्त उरले तर पत्ते दाखवायचे. ज्याने शेवटची रक्कम लावली किंवा वाढवली तो आधी दाखवतो.

आपली दोन आणि मधली पाच अशा सात पानांतून उत्तम पाच निवडायची. सहावं आणि सातवं पान मोजायचंच नाही. तीन जोड्या लागल्या तरी वरच्या दोनच धरायच्या. हातातलं एकच पान वापरलं किंवा एकही न वापरता मधली पाचच्या पाच घेतली तरी चालतं. मधे नव्वी, दश्शी, गुलाम, राणी, राजा असं लागलं आणि कोणाकडे एक्का नसेल, कोणाचा कलरही होत नसेल, तर अजून डावात असलेले सगळे पॉट वाटून घेतात. बरोबरीत वाटणी होते. 'शो मागणारा हरला' हा तीन पत्तीतला निवाडा इथे चालत नाही.

आता क्रमवारी. सगळ्यांत खाली नुसतं मोठं पान, मग एक जोडी, दोन जोड्या, एकाच किमतीची तीन पानं, सिक्वेन्स, कलर, तीन अधिक दोन असं फुल हाउस, चार एकसारखी, आणि शिरोभागी एकाच रंगातला सिक्वेन्स. एक्का-राजा-राणी-गुलाम-दश्शी एकाच रंगात म्हणजे रॉयल फ्लश.

तीन पत्तीवाल्याचा पाय घसरतो तो इथेच. तीन पानांत कलर सिक्वेन्सच्या खाली आणि ट्रेल सगळ्यांच्या वर. पाच पानांत कलर सिक्वेन्सच्या वर, आणि ट्रेल दोघांच्याही खाली. यात मनमानी नाही, मोजणी आहे. बावन्न पानांतून पाच निवडण्याचे २५,९८,९६० प्रकार होतात. त्यांत ट्रेल ५४,९१२, सिक्वेन्स १०,२००, कलर ५,१०८. जे दुर्मिळ ते मोठं. तीन पानांच्या २२,१०० प्रकारांत मात्र सिक्वेन्स ७२० आणि कलर १,०९६, म्हणून तिथे क्रम उलटा. तीन पत्तीत प्युअर सिक्वेन्स ४८ प्रकारांनी लागतो आणि ट्रेल ५२ प्रकारांनी, तरी मान ट्रेलला आहे, म्हणजे खरं तर तीन पत्तीचीच क्रमवारी या नियमात बसत नाही. पण ते आपल्या आजोबांना सांगायला जाऊ नये. आणखी एक फरक. एक्का-दुर्री-तिर्री हा तीन पत्तीत मानाचा सिक्वेन्स. होल्डेममध्ये एक्का ते पंजी हा सगळ्यांत लहान सिक्वेन्स.

एक डाव पूर्ण खेळून पाहू. सहा जण, प्रत्येकाकडे शंभर चिंचोके, ब्लाइंड एक आणि दोन. बटण दादाकडे. त्याच्या डावीकडे आत्या, तिने एक भरला. मग काका, त्यांनी दोन. मग वहिनी, आजोबा आणि तुम्ही. तुमच्या हातात बदाम एक्का आणि बदाम दश्शी.

वहिनी टाकतात. आजोबा दोन भरून आत येतात. तुम्ही आठ करता. दादा टाकतो, आत्या टाकते, तिचा एक चिंचोका पॉटमध्येच राहतो. काका आणखी सहा भरतात, आजोबाही सहा भरतात. पॉट पंचवीस. फ्लॉप येतो: बदाम राणी, बदाम चव्वी, किलवर नव्वी. तुमचे चार बदाम झाले. काका चेक करतात. आजोबा बारा लावतात.

इथे थांबा आणि दोन आकडे काढा. पहिला, किंमत. पॉटमध्ये आता सदतीस आहेत आणि तुम्हाला बारा भरायचे आहेत, म्हणजे तुम्ही भरल्यावर होणाऱ्या एकोणपन्नासांतले बारा, साधारण पाव हिस्सा. दुसरा, शक्यता. तेरा बदामांपैकी चार दिसले, नऊ उरले. न दिसलेली पानं सत्तेचाळीस. पुढच्या पानावर बदाम येण्याची शक्यता १९ टक्के, दोन्ही पानं मिळून ३५ टक्के. डोक्यात करायची रीत सोपी आहे. फ्लॉपनंतर, दोन्ही पानं बघायला मिळणार असतील तर कामाच्या पानांची संख्या गुणिले चार. टर्ननंतर गुणिले दोन. उत्तर अगदी बरोबर येत नाही, पण टेबलावर पुरतं. पुढच्या एका पानापुरता हिशेब किंचित तोट्याचा आहे, पण बदाम लागला तर आजोबांकडून पुढे आणखी काही मिळणार, आणि एक्का आला तर कदाचित तोही चालेल. तुम्ही बारा भरता. काका टाकतात. पॉट एकोणपन्नास.

टर्न: इस्पिक दुर्री. कोणाच्याच कामाची दिसत नाही. आजोबा पंचवीस लावतात. आता भरणी नव्याण्णवांतली पंचवीस, पुन्हा पाव हिस्सा. बदामांची शक्यता फक्त ४६ पैकी ९, वीस टक्क्यांहून थोडी कमी. तीन एक्के धरले तर ४६ पैकी १२, म्हणजे सव्वीस टक्के. प्रश्न असा की एक्के धरायचे का? आजोबांकडे राजा-राणी असेल तर एक्का तुम्हाला जिंकवतो. दोन जोड्या असतील तर एक्का येऊनही हराल. तुम्ही भरता.

रिव्हर: बदाम छक्की. एक्क्याचा कलर. मधे एकही जोडी नाही, त्यामुळे फुल हाउस कोणाकडेच असू शकत नाही. तुमच्याहून मोठा हात या टेबलावर शक्यच नाही. आजोबा चेक करतात. तुम्ही चाळीस लावता. आजोबा बराच वेळ पत्त्यांकडे बघतात, भरतात आणि उघडतात: इस्पिक राणी, इस्पिक नव्वी. दोन जोड्या. एकशे एकोणऐंशी चिंचोके तुमचे.

घरचे टाळ्या वाजवतील. पण आजोबांची पानं पाहिल्यावर टर्नचा हिशेब पुन्हा करा. एक्के निकामी होते. बदाम नव्वी आली असती तर कलर लागूनही आजोबांचं फुल हाउस झालं असतं, म्हणून तीही निकामी. उरली आठ पानं, म्हणजे अठरा टक्के, आणि किंमत होती पंचवीस टक्क्यांची. त्या क्षणी तुम्हाला हे दिसत नव्हतं, म्हणून भरणं अगदीच चूक म्हणता येणार नाही. पण रिव्हरला आणखी चाळीस चिंचोके मिळाले म्हणून ते बरोबरही ठरत नाही. होल्डेम शिकणं म्हणजे डाव संपल्यावर निकाल बाजूला ठेवून निर्णय तपासणं. ज्यांना हे जमतं ते वर्षभरात बरे भिडू होतात. बाकीचे 'आज पत्तेच लागले नाहीत' म्हणत राहतात.

आता कोणती दोन पानं धरायची आणि कोणती टाकायची. दोन पानांचे एकूण १,३२६ प्रकार आहेत. हातात जोडी येण्याची शक्यता सतरात एक, आणि एक्क्यांची जोडी तर २२१ डावांत एकदा. म्हणजे बहुतेक वेळा तुमच्या हातात काहीच नसतं आणि टाकणं हीच योग्य खेळी असते. नवख्याने सहा जणांच्या टेबलावर चारपैकी तीन डाव बिनदिक्कत सोडावेत. कंटाळा येतो, मान्य. पण सोडलेले डाव फुकट बघायला मिळतात, आणि कोण कशावर पैसे लावतो हे तेव्हाच कळतं. मला विचाराल तर सोडलेल्या डावांत जो मोबाइल बघतो त्याने पोकरला बसूच नये.

सगळ्यांत महागडी सवय म्हणजे एक्का दिसला की आत शिरणं. हातात एक्का-सत्ती, मधे एक्का, राणी, अठ्ठी, पंजी, दुर्री. जोडी लागली म्हणून तुम्ही खूश. समोर एक्का-राजा. जोडी दोघांचीही एक्क्यांचीच, पण त्याची पुढची पानं राजा, राणी, अठ्ठी आणि तुमची राणी, अठ्ठी, सत्ती. या सोबतच्या पानाला किकर म्हणतात, आणि लहान किकरने जेवढे चिंचोके गेले असतील तेवढे ब्लफने गेले नसतील. नुसती मोठी जोडीही अजिंक्य नसते. एक्क्यांची जोडी एकाच भिडूसमोर शंभरात ८५ वेळा जिंकते, पण आठ जण शेवटपर्यंत थांबले तर अवघ्या ३५ वेळा. म्हणून चांगली पानं आली की गप्प बसून सगळ्यांना स्वस्तात आत येऊ देणं हा शहाणपणा नाही. वाढवा, गर्दी कमी करा. (डॉयल ब्रन्सन यांनी १९७६ आणि १९७७ असे लागोपाठ दोनदा विश्वविजेतेपद मिळवलं, दोन्ही वेळा शेवटच्या डावात त्यांच्या हातात दश्शी-दुर्री होती. ही पानं आजही त्यांच्या नावाने ओळखली जातात. तुम्ही मात्र ती टाका.)

दुसरी गोष्ट जागेची. जो शेवटी बोलतो त्याला बाकीच्यांनी काय केलं हे आधी कळलेलं असतं. म्हणून बटणाजवळ बसलेले असाल तर थोडी कमकुवत पानं घेऊनही खेळता येतं, आणि सगळ्यांच्या आधी बोलायचं असेल तर मोठ्या जोड्या, एक्का-राजा, एक्का-राणी याच्या पलीकडे जाऊ नये. तीन पत्तीत जागेला फारसं महत्त्व नसतं, त्यामुळे हा भाग पुस्तकातून कळतो पण अंगवळणी उशिरा पडतो.

आणि ब्लफ. सिनेमामुळे लोकांना वाटतं की पोकर म्हणजे थाप. थाप चालते ती गोष्ट जुळत असेल तेव्हाच. सुरुवातीपासून चेक करत आलात आणि रिव्हरला अचानक डोंगर लावलात तर कोणी विश्वास का ठेवावा? शिवाय जो कधीच पत्ते टाकत नाही त्याला ब्लफ करता येत नाही. प्रत्येक टेबलावर असे एक काका असतातच.

रीतभातीचंही थोडं. आपली पाळी येण्याआधी पत्ते टाकू नयेत, कारण पुढच्याला फुकट माहिती मिळते. 'भरले दहा... आणि वर वीस' असं तुकड्यातुकड्याने बोलू नये. वाढवायचंय तर एकदाच सांगावं. डाव चालू असताना टाकलेल्या पत्त्यांबद्दल चकार शब्द काढू नये, अगदी 'अरेरे' सुद्धा नाही. एखाद्याचे सगळे चिंचोके आत गेले तर त्याला प्रत्येकाकडून स्वतःच्या रकमेएवढंच मिळू शकतं. त्यावरची भर इतरांनी वेगळ्या ढिगात ठेवून आपसात खेळायची.

पैशांचं काय? हा प्रश्न टाळून चालणार नाही. महाराष्ट्रात १८८७ चा जुगारबंदी कायदा लागू आहे. त्यात कौशल्याच्या खेळांना सूट आहे, पण पोकर त्यात बसतो का यावर न्यायालयांचं एकमत नाही. गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये तो जुगारच ठरवला, इतर काही न्यायालयांनी उलट कौल दिला. महाराष्ट्रात कसिनोंसाठी १९७६ चा एक कायदा कागदावर होता, तो कधी अमलातच आला नाही आणि २०२३ मध्ये रद्द झाला. गोव्यात मात्र परवाना असलेले कसिनो आहेत, पणजीला मांडवीत नांगरलेल्या बोटींवर पोकरची टेबलं लागतात, आणि आत जायला वयाची २१ वर्षं पूर्ण लागतात. ऑनलाइन पैसे लावून खेळण्यावर संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा करून देशभर बंदी घातली, आणि त्यात कौशल्य की नशीब हा भेदच ठेवलेला नाही. तेव्हा 'घरबसल्या कमवा' म्हणणारं ॲप कोणी पाठवलं तर ते उघडूही नका.

शिकण्यासाठी पैशांची गरजही नाही. फक्त चिंचोक्यांना किंमत यायला हवी, नाहीतर सगळे प्रत्येक डावात सगळं लावतात आणि खेळाचा पोरखेळ होतो. त्यावर उपाय १९७१ पासूनचा: संपले की उठायचं, पुन्हा मिळणार नाहीत. रात्री साडेनऊला बाहेर पडून दोन तास इतरांसाठी चहा करायचा म्हटलं की चिंचोक्यालाही भाव येतो.

सहा जणांची मांडणी अशी करा. चिंचोका म्हणजे एक, कवडी म्हणजे पाच, कॅरमची सोंगटी म्हणजे पंचवीस. प्रत्येकाला दोन सोंगट्या, आठ कवड्या आणि दहा चिंचोके, म्हणजे शंभर. बारा सोंगट्या कॅरमच्या डब्यातून सहज निघतात. अठ्ठेचाळीस कवड्या घरात नसतील तर राजमा घ्या. कॅरमची लाल राणी बटण म्हणून फिरवा. ब्लाइंड एक-दोन पासून सुरू करा आणि दर वीस मिनिटांनी वाढवा: दोन-चार, तीन-सहा, पाच-दहा, दहा-वीस. वाढवले नाहीत तर सावध भिडू रात्रभर पत्ते टाकत बसतील. मोबाइलचा गजर लावा आणि तो ज्याने सगळ्यांत आधी चिंचोके घालवले त्याच्या हाती द्या, म्हणजे चहा करून झाला की त्यालाही काम राहील. पहिले तीन-चार डाव सगळ्यांनी पत्ते उघडे ठेवून खेळा आणि प्रत्येक पान पडल्यावर कोण पुढे आहे ते मोठ्याने सांगा. क्रमवारीचा कागद टेबलावर ठेवायला हरकत नाही, फक्त तो सगळ्यांना सारखा दिसेल असा ठेवा. जो फक्त आपल्या पाळीला कागदाकडे बघतो त्याच्याकडे काहीतरी लागलेलं असतं.